फाटकावरचं नाव

भांडाराच्या फाटकावर पावती तपासायची, असा ठराव साखर कारखान्याच्या संचालक मंडळानं केला तेव्हा खोलीत सगळे बाप्येच बसले होते. एक जरी बाई असती तरी पुढचा घोळ टळला असता. पण बाईला बोलवायचं कुणाच्या डोक्यात येणार? तिथं चहा करणारासुद्धा बाप्याच होता.

सत्त्याऐंशीचं साल. पावसानं सलग तिसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. दिंद्रुडच्या आसपास ऊस कमरेएवढा होऊन वाळला, तो लोकांनी कापून छावणीतल्या जनावरांपुढं टाकला. कारखान्याचं धुराडं गार पडलं होतं, पण कारखान्याचं सहकारी भांडार मात्र जोरात चाललं होतं. सभासदाला तिथं तेल, साबण, चहा, डाळ बाजारापेक्षा स्वस्त मिळायची. मग व्हायचं ते झालं. एकाच्या पावतीवर दुसराच माल उचलून नेऊ लागला. खऱ्या सभासदाला माल संपल्याचं उत्तर मिळायचं आणि तो चेअरमनच्या दारात जाऊन शिव्या घालायचा.

म्हणून ठराव झाला. बाहेर पडताना फाटकावर कासमभाई प्रत्येकाला अडवणार, पावती हातात घेणार आणि विचारणार, सभासदाचं नाव काय? माल नेणाऱ्यानं ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं. पावतीवरच्या नावाशी जुळलं, की कासमभाई पावतीचा कोपरा फाडणार आणि वाट मोकळी. कागदावर नियम झकास दिसत होता. टाळ्याही वाजल्या म्हणे.

दुसऱ्या दिवशी भांडारात निम्म्याहून जास्त बायका होत्या, कारण बाप्ये छावणीत जनावरांजवळ नाहीतर रोजगार हमीच्या कामावर. पावत्या सगळ्या नवऱ्यांच्या नावच्या. पहिल्या बाईला कासमभाईनं विचारलं, "सभासदाचं नाव?" बाईनं पदराचं टोक दातात धरलं आणि खाली बघितलं. दुसरी म्हणाली, "त्यावर लिवलंय की. वाचा." तिसरी म्हणाली, "आमच्या गणपतच्या बापाचं." कासमभाई म्हणाला, "पावतीवर गणपत न्हाई, बाई." झालं, रांग भांडाराच्या आतपर्यंत तुंबली. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं? ते पण चारचौघांत, एका परक्या माणसासमोर? आणि न घ्यावं तर तेलाचा डबा अडकलेला.

शेवटी दिंद्रुडची तुळजाबाई, तोंडात दात नसलेली म्हातारी, पुढं झाली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"उन्हात उभं करून पाय लागले पोळू,
धर्मरावांचं नाव घेते, आता नको छळू!"

रांगेत हशा पिकला. कासमभाईनं पावती बघितली, धर्मराव होता. त्यानं कोपरा फाडला. तेव्हापासून त्या फाटकावर बायका उखाण्यात नाव घेऊन बाहेर पडू लागल्या. आठवड्याभरात अशी तऱ्हा झाली, की खरेदी उरकलेल्या बायकासुद्धा फाटकाबाहेरच्या लिंबाखाली बसून राहायच्या. कुणाचा उखाणा कसा, कोण अडखळलं, कोण लाजलं, कुणी शेजारणीचाच ढापला, यावर चर्चा व्हायची. दुष्काळात करमणूक तरी दुसरी कुठली होती?

आणि या फाटकावर सगळ्यात नाव काढलं ते सावित्रीनं. कारखान्याच्या काट्यावर वजनं घेणाऱ्या सुंदरराव डाकेची बायको सावित्री. दर वेळी नवा उखाणा, मान किंचित वाकडी, आवाज गोड. ती रांगेत दिसली की लिंबाखालच्या बायका सरसावून बसायच्या.

ही बातमी छबुबाईनं बायनाबाईच्या वस्तीवर नेली. छबुबाई शेजारच्या वस्तीवरची. कुठलीही बातमी तिच्या पोटात एक रात्र टिकत नसे. बायनाबाई तेव्हा कडबा कुट्टी करत होती. तिचा कोयता थांबला.

"कोण घेती म्हणालीस?"

"तुजी सवत गं. दुसरं कोण? लई झ्याक घेती म्हणं. बाया वाट बघतात तिची."

बायनाबाईनं कोयता असा मारला की खालचा ओंडका हलला.

बायनाबाई सुंदररावाची पहिली बायको. लग्नाला बरीच वर्षं होऊनही पाळणा हलला नाही, तेव्हा सुंदररावानं सावित्रीला आणलं. भांडण नाही, तंटा नाही, फार काही बोलणंच नाही. कारखान्यात नोकरी लागल्यावर तो सावित्रीला घेऊन कॉलनीतल्या चाळीत राहायला गेला आणि बायनाबाई रानातल्या वस्तीवर राहिली. रान त्याच्या नावावर, राबणं हिच्या वाट्याला. महिन्यातून दोनदा सायकलवर यायचा, विहिरीत डोकावायचा, बैलाच्या पाठीवर हात फिरवायचा, चहा प्यायचा आणि जायचा.

बायनाबाई मत्सरी होती. हे तिच्याबद्दल कुणीही सांगेल आणि ती स्वतःही नाकारणार नाही. दुसऱ्या बायका मनात जळतात आणि तोंडानं गोड बोलतात, हिला ते जमत नसे. छबुबाईची म्हैस व्याली आणि पारडी झाली, तेव्हा ही तोंडावर म्हणाली होती, "मला बघवत न्हाई तुजी म्हैस. चार दिवस येऊ नगंस." आणि खरंच चार दिवस बोलली नाही. सावित्रीबद्दलची तिची यादी तर मोठी. सावित्रीच्या चाळीला नळ होता, हिला टँकर. सावित्रीच्या पायाखाली फरशी, हिला शेण सारवायला पाणी नाही. सावित्रीला एक मुलगी झाली, मग दुसरी, आणि प्रत्येक बाळंतपणाच्या बातमीला हिनं रानात जाऊन ढेकळं फोडली. पण नळाचा, फरशीचा, अगदी लेकरांचाही मत्सर तिच्या अंगवळणी पडला होता. तो ती रोजच्या भाकरीसारखा खात होती.

नावाचं दुखणं मात्र निराळं होतं.

गावात हळदीकुंकू असलं की बायका एकमेकींना नाव घ्यायला लावत. फिरत फिरत पाळी बायनाबाईकडं आली की एखादी पोक्त बाई हळूच म्हणायची, "राहू द्या. तिला कावून त्रास देता?" आणि पाळी पुढच्या बाईकडं जायची. कुणी टोमणा मारला असता तर हिनं दुप्पट परत केला असता. पण ही कीव! कीव करणाऱ्याला काय उत्तर द्यायचं? सावित्री आल्यापासून नवऱ्याचं नाव तिनं मोठ्यानं एकदाही घेतलं नव्हतं, कारण कुणी घ्यायलाच लावलं नव्हतं. आणि तरी रीत तर पाळतच होती. लग्नापासून उखाण्याबाहेर 'सुंदर' हा शब्द तिच्या तोंडात आला नव्हता. लुगडं झ्याक, गाय झ्याक, नारायणगडावरचा नगारा झ्याक. वस्तीवर एकटी असली तरी झ्याकच.

आणि ती तिकडं फाटकावर उभी राहून दर आठ दिवसांनी त्याचं नाव घेते, आणि बायका वाट बघतात.

"मी बी जाणार," बायनाबाई म्हणाली.

"कुठं?"

"भांडारात. दिवाळीची साखर आणायला."

दर दिवाळीला कारखाना सभासदाला शेअरवर स्वस्त साखर द्यायचा. शेअर वस्तीवरच्या रानातल्या उसावर घेतलेला, म्हणून सभासदाचं कार्ड तिच्याच पेटीत असायचं. सुंदरराव दिवाळीआधी येऊन कार्ड न्यायचा, साखर उचलायचा, अर्धी चाळीत ठेवून अर्धी इकडं आणायचा. या वर्षी तो कार्ड न्यायला आला तर बायनाबाईनं सांगितलं, "तुमी कशाला हेलपाटा घालता? मीच आणीन. तुमचा निम्मा वाटा घेऊन जावा मग."

सुंदररावानं तिच्याकडं जरा नवलानं बघितलं. पण हेलपाटा वाचत होता, त्यामुळं फार विचार केला नाही. फार विचार करणं हा त्याचा दोष कधीच नव्हता.

साखर वाटायला अजून थोडे दिवस होते. तेवढ्यात बायनाबाईला उखाणा तयार करायचा होता. असा, की लिंबाखालच्या बायकांनी सावित्रीला विसरावं. एके काळी तिचा यात हात धरणारी बाई पंचक्रोशीत नव्हती. लग्नांत तिला मुद्दाम बोलवायचे. म्हणून तिला वाटलं, बसल्या बसल्या होईल. कुट्टी करताना पहिला जमला:

"आभाळ पडलं कोरडं, विहिरीचा दिसला तळ,
सुंदररावांच्या नावात माझं सारं बळ."

मनातल्या मनात दोनदा घोळवला. चाल बरोबर होती, यमक बरोबर होतं. तिसऱ्यांदा मात्र जीभ आतल्या आत अडखळली. त्याच्या नावात कसलं आलंय बळ? नांगरट हिनं केली, बैल छावणीत हिनं नेला, टँकरपुढं घागरीसाठी हिनं भांडणं केली. तो माणूस सायकलला टेकून चहा पिऊन गेला. दुसरा केला, त्यात 'एकटी सोसते कळ' आलं. ते खरं होतं, पण ते ऐकून बायकांनी पुन्हा कीवच केली असती. तिसऱ्यात चांदण्या आल्या, चौथ्यात तुळस. ते तिलाच कंटाळवाणे वाटले. काही खोटे होत होते, काही रडके होत होते.

शेवटी तिनं ठरवलं, नवा नकोच. आपला पहिलाच घ्यायचा.

पहिला म्हणजे लग्न होऊन या घरात शिरताना उंबऱ्यावर घेतलेला. तेव्हा सासऱ्याची विहीर भरलेली, मोट चालायची, आणि वरात घराकडं येताना तिनं पाटानं पळणारं पाणी बघितलं होतं. कुणी शिकवलं नव्हतं. उंबऱ्यावरचं माप ओलांडायच्या आधी तिच्या तोंडून आपसूक आलं होतं:

"मोटंच्या पाण्याला पाटाची वाट,
सुंदररावांच्या रानात माझी पहाट."

सुंदरराव शेजारीच उभा होता, मुंडावळ्या बाजूला करून तिच्याकडं बघत राहिला होता. करवल्या त्यावर हसल्या होत्या. तो उखाणा तिनं पुन्हा कुठं घेतला नाही. लग्नाकार्यांत दुसरे घेतले, तो बाजूला ठेवला. ठेवणीतलं लुगडं असतं तसा. आता तो बाहेर काढायची वेळ आली होती. सावित्रीनं हजार उखाणे घ्यावेत, उंबऱ्यावर घेतलेला तिच्याकडं कुठून येणार?

साखरेच्या दिवशी बायनाबाईनं हिरवं लुगडं नेसलं, कुंकू ठसठशीत लावलं आणि छबुबाईला बरोबर घेतलं. टँकर वस्तीवर रिकामा होऊन कारखान्याकडं परत निघाला होता, त्यात ड्रायव्हरच्या शेजारी दोघी बसल्या. वाटेत छबुबाई एकसारखी विचारत होती, "सांग तरी कोणता घेणार?" बायनाबाईनं तोंड उघडलं नाही. तोंड उघडलं तर सांडेल असं तिला वाटत होतं.

भांडारात ही गर्दी. दिवाळीची साखर म्हणून गेवराईकडच्या बायकाही आल्या होत्या. बायनाबाईनं कार्ड दाखवलं, कारकुनानं पावती फाडली, साखर तिच्या पिशवीत मोजून पडली. पिशवी डोक्यावर घेऊन ती फाटकाच्या रांगेत उभी राहिली. छबुबाई मागं. आता फक्त पुढच्या बायका सरायच्या होत्या.

तेवढ्यात छबुबाईनं तिच्या कुशीत कोपर खुपसलं.

पुढं दोन बायका सोडून सावित्री उभी होती. हातातल्या पिशवीत साबण, चहा, पोरींसाठी फ्रॉकचं कापड. कॉलनीतले लोक पगारावर जिन्नस नेत, तसली पावती. अंगावर गुलाबी पातळ, अंबाड्यात आबोली. बायनाबाईची पहिली नजर आबोलीवर गेली. या दुष्काळात हिला आबोली कुठून मिळाली? चाळीच्या नळाखाली लावली असणार. ती जळली आणि ते जळणं तिला बरंही वाटलं. बघ म्हणावं आता. मागं वळून बघ, कोण उभंय.

सावित्रीनं मागं बघितलं नाही. तिची पाळी आली होती. लिंबाखालच्या बायका उठून फाटकाला भिडल्या. कुणीतरी ओरडलं, "सावित्रीबाई, दिवाळीचा हाय, चांगला घ्या!"

सावित्री हसली. "आज लई खासा हाय. आमच्या घरच्यांनीच जुळवून दिलाय, खास माज्यासाठी."

"बोला," कासमभाई म्हणाला. त्यालाही आता चटक लागली होती.

सावित्रीनं मान किंचित वाकडी केली.

"मोटंच्या पाण्याला पाटाची वाट,
सुंदररावांच्या रानात माझी पहाट."

बायका "वा गं वा" म्हणाल्या. कासमभाईनं कोपरा फाडला. एक बाई म्हणाली, "आगं, पण तू तर कॉलनीत ऱ्हातीस, तुला मोट कुठं म्हाईत?" आणि सगळ्या हसल्या. सावित्रीही हसली.

बायनाबाईला आधी काहीच कळेना. आपणच मोठ्यानं बोललो की काय, असं तिला क्षणभर वाटलं. मग कळलं. हा उखाणा सावित्रीपर्यंत पोचायची एकच वाट होती. उंबऱ्यावर शेजारी उभा होता त्यानंच तो उचलून तिला दिला होता, आणि वर माझाच म्हणून सांगितलं होतं. रान दिलं असतं, बैल दिला असता, तर ती भांडली असती. हे कसं मागायचं परत?

पुढच्या दोघी कधी सरल्या तिला समजलं नाही. कासमभाईनं हात पुढं केला तेव्हा तिनं पावती दिली. त्यानं वाचली, पुन्हा वाचली आणि तिच्याकडं निरखून बघितलं. तो तिला ओळखत नव्हता.

"बाई, ठैरो जरा. हे नाव तर आत्ताच गेलं. त्या बाईचं हाय." त्यानं फाटकाबाहेर बोट दाखवलं. "ही पावती तुमच्याकडं कशी आली?"

लिंबाखाली कुजबुज सुरू झाली आणि सावित्रीनं वळून बघितलं. बायनाबाईला बघताच तिचा चेहरा उतरला. ती एक पाऊल पुढं आली आणि तिथंच थांबली.

"माझी हाय म्हणून आली," बायनाबाई म्हणाली.

"मग सभासदाचं नाव सांगा. आपल्या तोंडानं. नियम हाय."

सगळ्यांचे कान टवकारले. आता ही काय घेते? सवत समोर उभी, तिनं आत्ताच नाव घेतलेलं. मागून छबुबाई पुटपुटली, "घे गं घे, चांगला घे." बायनाबाईच्या डोक्यात तळ आणि बळ आलं, ते खोटं होतं. कळ आली, ती रडकी होती. खरा एकच होता, तो आत्ताच कोपरा फाडून फाटकाबाहेर गेला होता. सावित्रीच्या मागोमाग तोच घेतला तर पोरीबाळी म्हणणार, सवतीचं ऐकून घेतला. डोक्यावरच्या साखरेनं मान अवघडली होती. रागानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पाणी बघून कुणीतरी त्या ओळखीच्या, हळू, पोक्त आवाजात म्हणालं, "राहू द्या हो कासमभाई. तिला कावून..."

तेवढ्यानं काम झालं. बायनाबाईनं मान ताठ केली.

"सुंदरराव रामकिसन डाके," ती म्हणाली.

नुसतं. मतदार यादी वाचावी तसं. ना यमक, ना लाज. वर सासऱ्याचंही नाव, जे घेताना तर म्हाताऱ्या बायकाही कान धरायच्या. रांगेतल्या एकीनं "आगं बाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला. कासमभाईसुद्धा गडबडला. इतक्या दिवसांत एकाही बाईनं नियमाप्रमाणं नाव सांगितलं नव्हतं, ते आज पहिल्यांदा कुणी सांगितलं, आणि त्याला कोपरा फाडायचं सुचेना.

"जुळलं का?" बायनाबाईनं विचारलं.

"जुळलं."

"मग फाडा की."

त्यानं फाडला. ती बाहेर आली. सगळं इथं संपलं असतं, पण छबुबाईच्या पोटात काही राहत नसे हे आधी सांगितलंच आहे. ती फाटकातूनच ओरडली, "आन् मोटंचा उखाणा तर बायनाचा हाय! उंबऱ्यावर घेतलता तिनं, मी करवली व्हते तवा! घरच्यांनी जुळवला म्हणं, खास हिच्यासाठी!"

कुणी हसलं नाही. सावित्री लाल झाली, मग पांढरी. तिनं बायनाबाईकडं बघितलं, "अक्का, मला खरंच म्हाईत न्हवतं," असं काहीतरी बोलली आणि पिशवी छातीशी धरून चाळीच्या दिशेनं निघून गेली. अंबाड्यातली आबोली सुटून वाटेत पडली.

बायनाबाईला आनंद झाला. खोटं कशाला सांगायचं? सावित्रीचं ते तोंड तिला वाटेभर पुरलं. टँकरमध्ये बसल्यावर कुठं तिला वाटलं, की तिलाही फसवलंच की. हा विचार तिला मुळीच आवडला नाही. सावित्रीची दया करायला ती घरून निघाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर सुंदरराव सायकल दामटत वस्तीवर आला. विहिरीत डोकावला नाही, तसंही तिच्यात पाणी नव्हतंच. सायकल दारातल्या लिंबाला आपटली आणि सरळ ओट्यावर येऊन बसला.

"माजं नाव घेतलंस म्हणं. फाटकावर."

"घेतलं."

"असं कोरडं? बापासकट?"

"पावतीवर तसंच व्हतं."

"आगं, काट्यावर मला जो तो म्हणतुया, काय सुंदरराव रामकिसन डाके, बायकोनं हजेरी घेतली का! सावित्रीनं कालपास्नं चूल पेटवली न्हाई. मी काय तोंड दाखवायचं लोकात?"

बायनाबाई चुलीकडं वळली. चुलीवर आधण ठेवलं होतं, त्यात नव्या साखरेची मूठ टाकली. मग सावित्रीचा निम्मा वाटा त्याच्या पिशवीत मापून भरला. निम्म्याला एक मूठ कमी भरला. ती मूठ तिनं त्याच्या डोळ्यांदेखत परत डब्यात टाकली आणि त्यानं काही म्हटलं नाही.

"उखाण्यात घ्यायचं व्हतं," तो जरा नरम होऊन म्हणाला. "तू तर लई घ्यायचीस. तुला काय उखाण्याचा दुष्काळ पडलता का?"

"खरा एकच व्हता. तो तुमी देऊन टाकला."

सुंदररावानं पायातली वहाण काढली, पुन्हा घातली. कापून नेलेल्या उसाच्या फडाकडं बघत राहिला. मग खाली बघूनच म्हणाला, "ती हट्ट धरून बसलती. म्हणाली, तुमी जुळवून द्या. मला कुठलं जुळवता येतंय? तोंडाला तेवढाच आला. इतक्या वर्सांत दुसरा कुठला ध्यानातच ऱ्हायला न्हाई."

बायनाबाईचा हात चुलीपाशी थांबला. म्हणजे हा उंबऱ्यावरून विसरला नव्हता. तिला ते आवडलं आणि आवडलं म्हणून तिला स्वतःचा भयंकर राग आला. ध्यानात ठेवला तो ठेवला, आणि उचलून कुणाला दिला! तिनं चहा गाळला, कपबशीत ओतला आणि त्याच्यापुढं ठेवला.

तो कपाला हात लावेना. इकडंतिकडं कुणी नाही ना असं बघून त्यानं विचारलं, "आता जरा घेशील का? मी एकटाच हाय हितं. मोटंचा."

"तो आता माजा न्हाई."

"मग मला हाक तरी काय मारणार तू? फाटकावर मारली तशी?"

बायनाबाईनं पदर खोचला, कपबशी त्याच्याकडं सरकवली आणि शेजारणीच्या नवऱ्याला म्हणावं तसं म्हणाली,

"प्या, सुंदरराव. निवतोय."